अपरिचितीकरण : संहितेतले आणि शेजारातले

‘सांस्कृतिक आघात’ ही संज्ञा रूढ होण्यास कालेर्वो ओबेर्ग या मानवशास्त्रज्ञाचे १९५४ सालचे रिओ दी जानेरो येथील व्याख्यान आणि त्यावर आधारलेला, १९६० साली प्रसिद्ध झालेला लेख मुख्यतः कारणीभूत झाले. सामाजिक व्यवहारातील परिचित चिन्हे नाहीशी झाल्याने निर्माण होणारी अस्वस्थता, असे तिचे स्वरूप ओबेर्गने सांगितले. ‘चिन्ह’ हा शब्द आला की समीक्षेच्या अभ्यासकाचे कुतूहल जागे होते. अध्ययनासाठी दोन वर्षे बर्लिनमध्ये राहत असताना मलाही हा अनुभव मानसशास्त्रापेक्षा चिन्हमीमांसेच्या अंगाने अधिक उलगडला.

भाषा येत नाही म्हणून आघात होतो, हा समज अपुरा आहे. जर्मन मी पुण्यातच शिकलो होतो. परंतु भाषेमागची संकेतव्यवस्था व्याकरणात सापडत नाही. चहा पुढे केल्यावर नुसते ‘डांके’ म्हटले की तेथे बहुधा नकार समजला जातो. होकारासाठी ‘बिटे’ म्हणायचे. आपल्याकडे पहिला ‘नको’ हे आग्रहाला दिलेले आमंत्रण असते. तेथे ‘नको’ म्हणजे नकोच. भेदापेक्षा साम्य अधिक चकवते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यासारखेच जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ आहेत. मात्र आपल्याकडे ‘तुम्ही’मधले अंतर नातेवाचक संबोधन भरून काढते. शेजारच्या वृद्ध बाईंना आपण सहज ‘आजी’ म्हणतो. माझ्या बर्लिनच्या शेजारीणबाई दोन्ही वर्षे ‘फ्राउ’ आणि आडनाव एवढ्याच राहिल्या. त्यांच्या सौजन्यात काही उणे नव्हते. माझे टपालही त्या सांभाळून ठेवीत. जे अंतर आपल्या संकेतव्यवस्थेत कोरडेपणाचे चिन्ह ठरते, ते त्यांच्या व्यवस्थेत आदराचे होते.

याच शहरात १९२२ साली व्हिक्टर श्क्लोव्स्की अटक टाळून आश्रयाला आला होता. सवयीमुळे वस्तू दिसेनाशा होतात आणि कला अपरिचितीकरणाने त्या पुन्हा दृष्टीस आणते, हा सिद्धान्त त्याने १९१७ सालीच मांडला होता. बर्लिनमध्ये सारेच अपरिचित होते. सिद्धान्त खरा मानला तर ही पर्वणीच. प्रत्यक्षात १९२३ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘झू’ या पत्ररूप कादंबरीचे शेवटचे पत्र म्हणजे रशियात परतू देण्याची सरकारकडे केलेली विनवणी आहे. त्याच वर्षी तो परतला. ही विसंगती चरित्रातली म्हणून बाजूला सारता येणार नाही. ती सिद्धान्ताची मर्यादा दाखवते, असे मला वाटते. परिचिताचा भक्कम आधार असेल तरच अपरिचिताचा आस्वाद शक्य होतो. तो आधारच निखळला की उरतो तो केवळ थकवा. प्रत्येक लहान कृतीचा स्वतंत्र अर्थ लावण्याचा.

म्हणून मी सिद्धान्ताच्या उलट दिशेने गेलो आणि जाणीवपूर्वक सवयी लावून घेतल्या. रोज सकाळी एकच पाववाला, एकच वेळ, तेच चार शब्द. दुकाने बंद असणाऱ्या उदास रविवारी कालव्याकाठची ठरलेली वाट. बर्लिनकर लहान पावाला ‘श्रिपे’ म्हणतात. हा शब्द विचार न करता तोंडून गेला, त्या दिवशी ते शहर थोडेसे दिसेनासे झाले आणि मला हायसे वाटले. दुसरी गोष्ट कठीण होती. शेजारीणबाईंना मनातल्या मनातही ‘आजी’ म्हणणे मला सोडावे लागले. माझ्या नात्यांच्या व्याकरणात त्यांचे भाषांतर करणे थांबवल्यावरच त्या मला त्यांच्या जागी दिसू लागल्या. त्या शब्दाबरोबर गेलेली ऊब मात्र दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही, आणि ती भरून निघावी असा आग्रहही मी धरला नाही.

आपल्या समीक्षेत अपरिचितीकरण हे निरपवाद मूल्य म्हणून वावरते आणि सवय हा शब्द निंदेपुरता उरतो. परदेशी, स्थलांतरित किंवा निर्वासित वाचकाच्या बाजूने पाहिले तर हा क्रम बदलतो. ज्याचे रोजचे जगणेच अपरिचित झाले आहे, त्याला साहित्याकडून धक्का हवा असतो की ओळख, हा प्रश्न आपण अजून पुरेसा विचारलेला नाही.