पदरमोड

इंटर्नशिप हा शब्द आता आपल्या घरांतून सर्रास ऐकू येतो. वडीलधाऱ्यांच्या पिढीत त्याला उमेदवारी म्हणत. वकिलाकडे, छापखान्यात, पेढीवर मुलगा उमेदवारीला राही, तो हात आणि नजर तयार व्हावी म्हणून. आरोग्य-धोरणाचे संशोधन करणे आणि त्याचे निष्कर्ष वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचविणे, याचीही उमेदवारी असते, हे मात्र आम्हांस पुतणीमुळे कळले.

इंदूरला समाजकार्य शिकणारी ही मुलगी सुटीत दोन महिने एका अभ्यासगटाकडे जात होती. सकाळी सरकारी अहवालांतील आकडे तक्त्यांत उतरवायचे, दुपारी त्यांवरून बातमीदारांसाठी पानभर टिपण करायचे. तक्ते जमले; टिपण अडले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी उपचाराच्या वेळी स्वतः भरलेल्या रकमेचा वाटा 2013-14 साली 64.2 टक्के होता, तो 2021-22 साली 39.4 टक्क्यांवर आला. हे साध्या माणसाला सांगावे कसे?

तिने ते आमच्या काकूंना समजावून पाहिले. काकू म्हणाल्या, "म्हणजे पदरमोड!" आणि काकांच्या आजारपणात मोडलेल्या पाटल्यांची हकीकत त्यांनी प्रथमच आम्हां सर्वांसमोर सांगितली. मग विचारले, "वाटा कमी झाला, चांगलेच झाले. पण ज्याच्या घरी दुखणे येते, त्याला एकदम किती भरावे लागतात, ते तुझ्या कागदात आहे का गं?"

टिपण हिंदी वर्तमानपत्रांसाठी होते. त्यामुळे 'पदरमोड' हा शब्द त्यात गेला नाही. प्रश्न मात्र गेला. देशाची सरासरी घटली तरी एकाच आजारपणात एखादे घर कर्जात जाऊ शकते, हे वाक्य तिने टक्केवारीच्या लगेच खाली लिहिले.

संशोधनाला लोकांची भाषा लाभली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा निबंध 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तो डॉक्टरांनी वाचला. पुढे महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरच्या त्यांच्या अहवालाचे 'कोवळी पानगळ' हे नाव मात्र ज्यांनी कधी तक्ता पाहिला नाही, त्यांनाही कळले. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजातांसाठी गृहभेटींची योजना देशभर सुरू झाली.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती राहिल्यामुळे आपल्या घरांत दोन-तीन भाषा सहज नांदतात. ही आपली मिळकत या नव्या उमेदवारांच्या उपयोगी पडण्याजोगी आहे. मुलांच्या हाती आकडे असतात. त्या आकड्यांत काय दडले आहे, ते घरातील वृद्धांना ठाऊक असते. मुलांनी विचारावे, आणि आपणही संकोच सोडून सांगावे. आजारपणाच्या हकीकती झाकून ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. पण झाकलेले दुःख कोणत्याच अहवालात येत नाही.