कोक्याचे जंगल आणि दादाजानांचे कातडे

डिसेंबरच्या सुट्टीत आमचा भाचा मस्कतहून बायकामुलांसह भंडाऱ्याला आला. आल्या दिवशीच त्याची नजर बैठकीच्या भिंतीवर गेली. तिथे बिबट्याचे कातडे टांगलेले आहे. दादाजानांनी १९६० च्या दशकात परवाना काढून ती शिकार केली होती.

"मामू, हे मला द्या. घडी करून बॅगेत टाकतो. मस्कतला हॉलमध्ये लावीन, दादाजानांची आठवण राहील."

आम्ही लगेच नाही म्हटले नाही. मुलाचा जीव त्या आठवणीत होता. म्हटले, "उद्या कोक्याला जाऊ, मग बोलू."

कोका भंडाऱ्यापासून जेमतेम वीस किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या आणि मधेमधे तळी. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. यातले कितीतरी तलाव कोहली समाजाच्या पूर्वजांनी बांधले. २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेले. ऐन, साग, मोह, तेंदू यांचे हे जंगल. सकाळच्या धुक्यात आधी चितळांचा कळप दिसला. पुढे वळणावर एक रानगवा उभा होता. गाडी थांबली तरी तो हलला नाही. मुले श्वास रोखून बसली होती. भाच्याने मोबाईल काढला आणि फोटो न घेताच खिशात ठेवला.

परतताना चहाच्या टपरीवर विषय निघाला. आम्ही त्याला नागपूरची एक जुनी गोष्ट सांगितली. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल १९५१ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी ॲल्विन कूपर नावाची कंपनी काढली. मध्य भारताच्या जंगलांत मोठ्या शिकारीच्या सहली नेणे हा तिचा धंदा. त्या काळात अशा कंपन्यांकडे परदेशी पाहुणे यायचे. शिकारीचे मांस तंबूतच संपायचे. कातडे आणि शिंगे मात्र सायबासोबत घरी जायची. मीठ चोळून कातडी म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्या कारखान्यात पाठवली जात, तिथे पेंढा भरून तयार होत आणि मग जहाजाने समुद्रापार. त्या वेळी कायद्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. आमच्या घरीही दादीजान शिकारीचे गोश्त हळद-मीठ लावून दोरीवर वाळवत, असे अब्बा सांगत.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७६ मध्ये भारत साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. आफ्रिकेतल्या काही देशांत आजही बिबट्याची शिकार ठरावीक संख्येत परवान्याने होते. तिथला शिकारी कातडे घरी नेतो तेव्हा त्याच्याकडे दोन कागद लागतात, निघण्याच्या देशाचा आणि पोहोचण्याच्या देशाचा. आपल्याकडे मात्र असे कातडे बाहेर न्यायचा कागद कुणालाच मिळत नाही. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या कातड्यापायी किमान तीन वर्षांची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो.

"पण ते आपल्या घरचं आहे ना, मामू? चोरीचं थोडंच आहे?"

प्रश्न रास्त होता, आणि खरी अडचण तिथेच होती. मालकीचे प्रमाणपत्र दादाजानांच्या नावाचे. वारसाने मिळाल्यावर नव्वद दिवसांत वनखात्याला कळवावे लागते. दादाजानांच्या इंतकालानंतर कुणाला ते सुचलेच नाही. वर्गात आम्ही मुलांना नियमांचे धडे देतो आणि आमच्याच भिंतीवर हे लटकत होते!

घरी आलो तेव्हा थोरल्या खालाजान तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भाच्याला विचारले, "उमरा करून आलास ना यंदा? इहराम बांधून शिकार केली असतीस?"

"तौबा, खालाजान!"

"हरमच्या हद्दीत तर इहराम नसला तरी शिकार करता येत नाही. हलाल जनावर असलं तरी नाही. हद्द म्हणजे हद्द."

सूरह माइदामध्ये इहराममधल्या शिकारीची मनाई आहे, तिची भरपाईही सांगितली आहे. भाचा हे जाणून होता. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री त्याने बॅगेतली ती जागा कपड्यांनी भरली.

२०२२ च्या दुरुस्तीने एक वाट ठेवली आहे. ज्याला अशी वस्तू ठेवायची नाही, त्याने मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन ती सरकारजमा करावी. मोबदला मिळत नाही. अम्मींना हे जड गेले. दोन दिवस त्या कुणाशी नीट बोलल्या नाहीत. मग स्वतःच म्हणाल्या, "प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून ठेव, बाकी देऊन टाक."

जाताना भाच्याने बाजारातून पितळेचा एक भंडारी लोटा घेतला. विमानतळावर तपासणीत तो बाहेर काढून पाहिला, पुन्हा आत ठेवला, इतकेच.

आम्ही अर्ज लिहिला, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि कळवायला उशीर झाल्याचेही लिहिले. भिंतीवरून कातडे उतरवले तेव्हा मागचा चुना तेवढ्या जागी अगदी पांढरा निघाला.