दोन गाड्या, एक हौस

डिसेंबर १९६४. युखरिस्तिक काँग्रेससाठी पोप महोदय सहावे पॉल मुंबईस आले. त्यांच्या दिमतीस पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल होती. परत जाताना ती त्यांनी मदर तेरेझांना देऊन टाकली. मदरने तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीकडे वळवला. ही हकिकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. गाडीविषयी मात्र कोणी बोलत नाही. आम्हांला मोटारींचे वेड, म्हणून ते धाडस करतो.

युद्धोत्तर अमेरिकेच्या ऐश्वर्यशाली मोटारींपैकी आमचा जीव दोघींत अडकला आहे. एक १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो बिआरिट्झ, दुसरी १९६१ ची उघड्या छताची लिंकन कॉन्टिनेन्टल. दोहोंच्या वीतभर प्रतिकृती आमच्या कपाटात शेजारी शेजारी उभ्या आहेत.

कॅडिलॅक म्हणजे २२५ इंचांचा जत्रेतला रथच! मागे उंच पंख, प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन लाल दिवे, आणि जिकडेतिकडे क्रोम. १९४८ साली लढाऊ विमानाच्या शेपटीवरून उचललेले हे पंख अकरा वर्षांत वाढत वाढत एवढे झाले. त्यांचा उपयोग काय? काहीच नाही. आमचे संस्कार नाक मुरडतात, डोळे मात्र तेथून हलत नाहीत. बिआरिट्झ अवघ्या १,३२० निघाल्या; संग्राहक तिला लिंकनपेक्षा कितीतरी अधिक मोल देतात.

लिंकनने उलटी वाट धरली. थंडरबर्डसाठी एलवूड एंगेल यांनी घडवलेला मातीचा नमुना रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या मनात भरला आणि त्याचीच चार दारांची लिंकन झाली. पंख नाहीत, सपाट अंग आणि वरच्या कडेने क्रोमची सरळ रेघ. दारे जुन्या कपाटासारखी मधून दोहीकडे उघडतात. कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक गाडी बारा मैल चालवून पाहत, आणि दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची हमी देत.

ग्यानबाची मेख आहे ती छतात. डिकीचे झाकण उलट्या बाजूने उघडते आणि छत घडी होऊन आत शिरते. पंप, विजेच्या मोटारी, रिले सारे ठरल्या क्रमाने चालावे लागते. एक स्विच रुसला की झाकण उघडे आणि छत अधांतरी. घेणाऱ्याने आधी ते चार वेळा उघडून मिटून पाहावे. कॅडिलॅक घेणाऱ्याने क्रोम न्याहाळावे. नव्याने मुलामा देताना खिसा रिकामा होतो.

अध्यक्ष केनेडी २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये गोळीला बळी पडले ते १९६१ च्या अशाच, लांबवलेल्या लिंकनमध्ये. ती मोडीत निघाली नाही; चिलखत आणि पक्के छत चढवून १९७७ पर्यंत वापरली गेली. आता ती डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे. आणि डॅलसनंतर वर्ष उलटून थोडेच दिवस झाले असता मुंबईच्या रस्त्यांवर लिंकनच!

एकच निवडायची तर? आम्ही लोकांत लिंकन म्हणतो. गेल्या नाताळात नातवाने प्रतिकृतींपैकी एक मागितली, तेव्हा आम्ही तत्परतेने लिंकन पुढे केली. त्याने पंखवालीकडे बोट दाखवले. आम्हांला ती देववेना. दोन्ही गाड्या अजून कपाटातच आहेत. मदर तेरेझांच्या सोडतीची गोष्ट त्याला आम्हीच सांगितली होती.