पाच काडतुसांचा हिशेब

ज्याच्या हाती बंदूक प्रथमच येते त्याला तिच्या सामर्थ्याची जाणीव करून द्यावी लागत नाही. ती जाणीव त्या लोखंडाच्या थंड स्पर्शाबरोबरच तळव्यात उतरते, आणि पुष्कळदा जरुरीपेक्षा अधिकच उतरते. शिकवावे लागते ते निराळेच. हे सामर्थ्य आपल्या मालकीचे नाही, ते कोणीतरी आपल्या सुपूर्द केलेले आहे, घटकाभराने ते परत करावयाचे आहे आणि मधल्या काळात त्याचे काय झाले याचा तपशीलवार जबाब द्यावयाचा आहे, ही गोष्ट सतरा-अठरा वर्षांच्या कोवळ्या मनावर ठसविणे हे नेमबाजीच्या शिक्षणातील खरे अवघड काम होय. वाशीम जिल्ह्यातील राष्ट्रीय छात्रसेनेच्या नवागत छात्रसैनिकांना शनिवार-रविवारी चांदमारीवर नेऊन रायफलीचे जे प्राथमिक पाठ दिले जातात, त्यांच्याशी अध्यापक म्हणून माझा दीर्घकाळ संबंध आला, आणि सेवानिवृत्तीनंतरही तो मी हौसेने टिकविला आहे.

आमचा मुलूख शस्त्रांच्या कीर्तीचा नव्हे. वाकाटकांच्या एका शाखेची वत्सगुल्म ही राजधानी येथेच होती खरी, परंतु तिची स्मृती आता ताम्रपटांत आणि अभ्यासकांच्या टिपणांतच उरली आहे. इंग्रजी अमलात बाशीम या नावाने स्वतंत्र असलेला जिल्हा १९०५ साली अकोल्यात विलीन झाला तो १ जुलै १९९८ रोजी पुन्हा निराळा निघाला, आणि या साऱ्या घडामोडींत येथील माणसाचे लक्ष राहिले ते आपल्या शेताकडे. चांदमारीवर येणारी मुले त्याच शेतांतून येतात. सोयाबीनचा हंगाम आटोपलेला असतो, तूर फुलावर आलेली असते, आणि रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर येथून पहिल्या एस. टी.ने निघालेली, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून कोणाच्या तरी दुचाकीवर बसून आलेली ही मुले खाकी पोशाखात रांगेने उभी राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पिके राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक असते. बाकीच्यांनी बंदूक पाहिलेली असते ती चित्रपटात, किंवा बँकेच्या दारातील रखवालदाराच्या खांद्यावर.

बटालियनचे ठाणे अकोल्यास. तेथील कोतामधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफली निघतात त्या क्रमांकवार नोंद होऊन, सशस्त्र पहाऱ्यात, आणि परततात त्याही तशाच. काडतुसे मोजून दिली जातात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला बहुधा पाच येतात. आणि बार झाल्यावर गवतात उडालेली पितळेची रिकामी पुंगळीदेखील शोधून, मोजून, नोंदवहीत जमेस धरावी लागते. एक पुंगळी कमी भरली तर सूर्य मावळेपर्यंत सर्वांनी वाकून गवत विंचरावयाचे, असा दंडक आहे. नव्या मुलांना हा काटेकोरपणा सरकारी दप्तराचा जाच वाटतो. मला तो फार जुना आणि फार शहाणा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, हवालदाराने ठराविक दिवसांनी स्वतः येऊन दारूगोळा बाहेर काढून उन्हे द्यावी, अशी बारकाईची आज्ञा आहे. शस्त्राचा पराक्रम गाणारे पुष्कळ असतात, परंतु शस्त्राची निगा आणि शस्त्राचा हिशेब ही राज्यकर्त्याची पहिली चिंता असली पाहिजे, हे ज्यांनी प्रत्यक्ष राज्य चालविले त्यांनाच सुचले.

पहिल्या दिवशी बार होत नाही. त्या दिवशी केवळ जमिनीवर पालथे पडून राहावयाचे असते, आणि या पडून राहण्यात नेमबाजीचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे. रायफल स्नायूंच्या बळावर धरली की क्षणार्धात थरथरू लागते. ती हाडांवर टेकवावी लागते. डावे कोपर रायफलीच्या खाली येते, दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतो, गाल त्यावर विसावतो, आणि मग शिकविणारे उस्ताद सांगतात, की डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि उघडा. डोळे उघडल्यावर नळीच्या टोकावरची माशी लक्ष्यापासून ढळलेली दिसली तर हाताने रायफल ओढून लक्ष्यावर आणावयाची नसते. सगळे शरीरच किंचित सरकवून त्याची स्वाभाविक दिशा लक्ष्याकडे वळवावयाची असते. त्यानंतर दृष्टी. मागची खाच, पुढची माशी आणि २५ मीटरवरचे लक्ष्य ही तिन्ही मानवी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. नवशिका साहजिकच लक्ष्याकडे पाहतो. त्याला शिकवावे लागते ते माशीकडे पाहावयास, आणि जेथे गोळी पोचवावयाची ते स्थान अंमळ धूसर राहू देण्यास. मग श्वास: सोडल्यानंतर पुढचा घेण्याची निकड भासण्यापूर्वी काही क्षणांची जी विश्रांती देहाला मिळते, तेवढ्याच अवकाशात तर्जनीने घोडा सावकाश, सतत आणि सरळ मागे दाबत न्यावयाचा. बार केव्हा होईल हे दाबणाऱ्यालाही नेमके कळू नये, इतका सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच गोळ्या मिळतात, आणि येथे एक विलक्षण गोष्ट मुलांच्या ध्यानी येते. पहिल्या पाच गोळ्या मध्यबिंदूवर लागाव्यात अशी त्यांच्याकडून कोणाचीच अपेक्षा नसते. अपेक्षा एवढीच असते, की त्या कोठेही लागोत, परंतु एकमेकींजवळ लागोत. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात पाच छिद्रे रुपयाएवढ्या जागेत पडली असतील तर त्या मुलाची पाठ थोपटली जाते. आणि ज्याची एक गोळी थेट मध्यावर बसली, पण बाकीच्या चार चार दिशांना गेल्या, त्याला पुन्हा जमिनीवर पडावयास सांगितले जाते. मुलांना हा प्रथमदर्शनी अन्याय वाटतो. पण त्यामागील कारण निर्विवाद आहे. पाचही गोळ्या एकाच जागी चुकल्या तर दोष मनुष्यात नसून बहुधा आयुधात असतो, आणि माशी किंवा खाच थोडी सरकविली की तो दोष दूर होतो. गोळ्या विखुरल्या तर मात्र जगातील कोणताही कारागीर कोणतीही माशी सरकवून त्यांना एकत्र आणू शकत नाही. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून त्यांना गुणांकाने मोजलेल्या माझ्यासारख्या अध्यापकाला ही परीक्षापद्धती अंतर्मुख करणारी वाटली. आमच्या परीक्षा मध्यावर लागलेली एक गोळी पाहतात आणि गुण देतात. ती योगायोगाने लागली की अभ्यासाने, हे विचारण्याची सोय त्यांत नाही.

तो छिद्रांचा कागद वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. छिद्रे उभ्या ओळीत पडली असतील तर मुलाचा श्वास थांबलेला नव्हता. आडवी पसरली असतील तर कोपर सरकत होते. उजव्या हाताने बार करणाऱ्याच्या गोळ्या उजवीकडे खाली गेल्या असतील तर त्याने घोडा दाबला नाही, हिसकला. चार एकत्र आणि पाचवी दूर असली तर त्या एका वेळी त्याने आवाजाच्या धास्तीने डोळे मिटले असणार. जुना शिक्षक वहीतील अक्षरांवरून ती घाईने लिहिली की रात्री उशिरा, हे ओळखतो, तशीच ही ओळख आहे. आणि ती ज्याला येते त्याच्यापुढे मुलाला सबबी सांगाव्या लागत नाहीत, हा तिचा मला जाणवलेला सर्वांत मोठा गुण.

ही विद्या शिकवितात कोण? सैन्यातून नेमणुकीवर आलेले हवालदार असतात. त्यांना सारे उस्ताद म्हणतात, आणि शिक्षणाचा पाया तेच घालतात. परंतु त्यांच्या जोडीला असतात ते शाळा-महाविद्यालयांतील अध्यापक, जे नागपूरजवळच्या कामठीच्या प्रशिक्षण संस्थेत मध्यम वयात सैनिकी कवायत शिकून येतात आणि मग आपला भूगोलाचा किंवा वाणिज्याचा तास सांभाळून, रविवारची विश्रांती सोडून, अल्पशा मानधनावर गणवेश चढवितात. आणि असतात ते माजी छात्रसैनिक. कोणी आता पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी खतांच्या दुकानात बसतो, कोणी गावाकडे शेती पाहतो. त्यांना कोणी बोलावणे धाडलेले नसते, की प्रवासखर्च मिळत नाही. या स्वयंसेवकांनाही शनिवारी दुपारी धडा दिला जातो, आणि तो मला नवशिक्यांच्या धड्याहून मोलाचा वाटत आला आहे. त्यांना सांगितले जाते, की शिकणाऱ्याच्या शेजारी तुम्हीही जमिनीवर पडा, उभे राहून सूचना देऊ नका. त्याच्या रायफलीला निष्कारण हात लावू नका. आणि लक्ष्याकडे मुळीच पाहू नका, त्याच्या डोळ्याकडे आणि बोटाकडे पाहा. गोळी कोठे गेली याचे कुतूहल दाबून ती सुटली कशी एवढेच पाहत राहणे हा संयम सोपा नव्हे. एकदा एका मुलीच्या वडिलांनी, पागोटे सावरीत, मोठ्या काळजीने विचारले होते, “सर, पोरीच्या हाती बंदूक कायले देता जी?” त्यांना मी उत्तर देण्याऐवजी चांदमारीच्या दोरीपलीकडे बसवून घेतले. त्यांची मुलगी आणि तिच्या शेजारी पडलेली तिच्याहून चार वर्षांनी मोठी असलेली दुसरी मुलगी यांच्यामधले ते कुजबुजते शिक्षण त्यांनी पाऊण तास पाहिले आणि मग तिचा कागद घडी करून खिशात घातला.

पण त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि तो या देशाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलेला आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली जो हत्यारांचा कायदा झाला त्याचा मथितार्थ हाच होता, की या प्रजेच्या हाती शस्त्र देण्यास सरकार धजत नाही. आणि राष्ट्रीय सभेच्या प्रारंभीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत आले ते बंदुकांच्या हव्यासाने नव्हे, तर त्या अविश्वासाचा अपमान डाचत होता म्हणून. पुढे विद्यापीठांतील मूठभर विद्यार्थ्यांना सैनिकी शिक्षण मिळू लागले. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली या शिक्षणाच्या विचारासाठी समिती नेमली गेली. आणि १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना जन्मास येऊन पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग निघाला. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. जे लोकसभेचे पहिले सभापती म्हणून सर्वांस ठाऊक आहेत, आणि ज्यांच्या घराण्याचे मूळ रत्नागिरीकडचे, त्या कायदेपंडिताने नेमबाजांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. शब्दांवर चालणाऱ्या सभागृहात शिस्त राखणारा मनुष्य नागरिकाच्या हातातील रायफलीला भीत नव्हता. ज्या राज्याने आपल्या शेतकऱ्याच्या मुलीला पाच काडतुसे मोजून दिली आणि पाच पुंगळ्या मोजून परत घेतल्या, त्या राज्याने तिच्यावर विश्वास टाकला आणि तिने तो खरा केला. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पूर्ण झाल्याखेरीज मला तरी स्वातंत्र्य या शब्दाची व्याप्ती पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

शस्त्रशिक्षणाने हिंसेची आवड लागेल असे जे म्हणतात त्यांच्या सद्भावनेविषयी मला आदर आहे, पण त्यांचे भय अस्थानी आहे असे माझे मत आहे. बंदुकीची मोहिनी दुरून असते. जवळून तिचे दर्शन होते ते तेलाच्या फडक्याचे, सोललेल्या कोपरांचे, उन्हात पालथे पडून मोजलेल्या श्वासांचे. या रायफलींची पॉइंट टू-टूची एवढीशी गोळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे ऐकल्यावर आणि लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाचे प्रयोजन समजल्यावर मुलांचे चेहरे गंभीर होतात, आणि नळी कोणाच्याही दिशेने, रिकामी असली तरी, वळवावयाची नाही हा नियम त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.

कीर्तीची वाटही याच धुळीतून जाते. अंजली भागवत यांच्या हाती रायफल प्रथम आली ती मुंबईत छात्रसेनेतच, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटरच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक मिळविले, तेव्हा खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. वाशीमच्या मुलांनी ती अंतिम फेरी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिली, आणि गुडघ्यावर बसलेल्या त्याच्या देहात किंचितही हालचाल नाही हे त्यांच्या नजरेने टिपले. दोन दिवसांपुरते का होईना, ते स्वतः तसेच निश्चल पडून राहिलेले होते.

परंतु दोन दिवसांनी रायफली अकोल्यास परत जातात, आणि जी बोटे नुकती कोठे घोडा दाबावयास शिकली ती पुढच्या खेपेपर्यंत ते विसरून जातात. याला उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. १० मीटरच्या एअर रायफलीसाठी उघडी चांदमारी लागत नाही. एक लांबट खोली, शेवटी छर्रे अडविणारी पोलादी पेटी आणि मजबूत भिंत, भरपूर उजेड आणि कुलूपबंद कपाट एवढे पुरते. ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि अर्ध्या मिलिमीटरचा मध्यबिंदू, एवढ्याशा मापात श्वास, कोपर आणि तर्जनी यांचा सारा अभ्यास वर्षभर चालू शकतो. सहा तालुक्यांत सहा खोल्या. कारंज्यात आणि रिसोडात मी अशा जागा पाहून ठेवल्या आहेत, मंगरुळपीरच्या एका जुन्या गोदामाविषयी बोलणे चालले आहे, आणि सायंकाळी येऊन शिकविण्यास तयार असलेल्या माजी छात्रसैनिकांची यादी माझ्याजवळ आहे. जिल्ह्याच्या क्रीडा खात्याकडे द्यावयाचा अर्ज लिहून झाला आहे. मालेगाव आणि मानोरा येथील जागा ठरल्या, की तो मी स्वतः नेऊन देणार आहे.