रंग पाहून घोडा निवडावा काय?

आमच्या वऱ्हाडात घोडा आता प्रवासाच्या कामाचा फारसा राहिलेला नाही. त्याची गाठ पडते ती लग्नसराईत. वरातीस घोडी पांढरीशुभ्रच हवी, असा दोन्ही व्याह्यांचा आग्रह असतो. त्यामुळे घोडी पाळणाऱ्याच्या मनात शिंगराच्या जन्मापूर्वीच रंगाचा हिशेब सुरू होतो. रिसोड तालुक्यातील माझ्या चुलतबंधूंच्या घरी गेल्या फाल्गुनात हाच प्रश्न उभा राहिला, आणि एकत्र कुटुंबाच्या रीतीप्रमाणे त्यावर सर्वांनीच मते दिली.

त्यांची घोडी मुश्की, म्हणजे काळीभोर. पाय सरळ, टापा कठीण, वाजंत्र्यांच्या गलक्यातही न बिचकणारी. तिला दाखविण्याजोगे दोन घोडे होते. एक नुकरा, अंग दुधासारखे व कातडी गुलाबी, परंतु मागचे पाय गाईसारखे आत वळलेले आणि टापा ठिसूळ. दुसरा कुमैत, अंग तांबूस, आयाळ, शेपूट व पाय काळे, बांधा निर्दोष. आमच्या काकूंचे मत नुकऱ्याला. काळ्या घोडीचा वंश मुळात वाढवूच नये, असेही त्यांनी सुचविले. मारवाडातही काळा घोडा अशुभ मानीत आले आहेत, तर चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी भाग्याचा; तेव्हा काकू काही एकट्या नाहीत.

रंगाची ही चर्चा फार जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन. त्याचा पिता पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केल्याची नोंद वाकाटकांच्या लेखांत आहे. यज्ञाचा अश्व कोणत्या रंगाचा असावा, याविषयी आचार्यांचे मतभेद शतपथ ब्राह्मणात आढळतात. पण तो वेगवान असावा, ही अटही तेथेच आहे. याउलट महाभारतातील गालवाची कथा पाहावी. चंद्रासारखे शुभ्र आणि एक कान काळा असलेले आठशे घोडे विश्वामित्रांनी गुरुदक्षिणा म्हणून मागितले. ते मिळविण्यासाठी ययातीची कन्या माधवी तीन राजांकडे एकामागून एक पाठविली गेली. घोडे मिळाले सहाशेच. एका काळ्या कानापायी एका मुलीच्या आयुष्याचे काय झाले, याचा विचार ‘गोरी वधू पाहिजे’ अशी जाहिरात देणाऱ्या मंडळींनीही करून पाहण्यास हरकत नाही. असो.

पांढरा दिसणारा प्रत्येक घोडा एकाच जातीचा पांढरा नसतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सब्जा घोडा जन्मतः गडद असून वर्षानुवर्षे पांढरा होत जातो, व त्याची कातडी काळीच राहते. आईबापांपैकी निदान एक सब्जा असल्याखेरीज असे शिंगरू होत नाही. याचे आनुवंशिक कारण स्वीडनमधील उपसाला येथील शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उलगडले. त्याच कारणामुळे या घोड्यांना कातडीखाली काळ्या गाठींचा रोग जडतो. पंधरा वर्षांवरील सब्ज्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्क्यांत तो आढळतो. नुकरा मात्र जन्मतःच पांढरा. त्याची गुलाबी कातडी उन्हाने पोळते, आणि आमच्याकडील वैशाखाचे ऊन काय असते ते सांगावयास नको. तेव्हा रंगावरून काहीच कळत नाही असे नव्हे. परंतु पायांचा सरळपणा, टापांची मजबुती व स्वभाव यांची हमी कोणताही रंग देत नाही.

काकूंच्या आग्रहाला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. वरातीची सुपारी पांढऱ्या घोडीला आधी मिळते, आणि त्या पैशांवर घरातील दोन मुलांचे शिक्षण चालावयाचे आहे. पण डांबरी रस्त्यावर तासन्‌तास चालावयाचे असता वाकड्या पायांची पांढरी घोडी किती लग्ने निभावील? बंधूंनी नुकऱ्याची आधीची तीन शिंगरे पाहून घेतली. दोघांचे पाय बापासारखेच होते. मग मात्र काकू गप्प बसल्या.

घोडी कुमैताला दाखविली. अकरा महिन्यांच्या हिशेबाने माघात विईल. शिंगरू मुश्की, कुमैत किंवा तांबूस होईल. पांढरे होण्याचा संभव जवळजवळ नाही, हे बंधूंनी घरात स्पष्ट सांगितले आहे. वरातीखेरीज त्याला काम कोणते, याची चौकशी त्यांनी आतापासूनच चालविली आहे.