रोडग्याच्या पंगतीतली बटाट्याची कोशिंबीर

बटाट्याची कोशिंबीर ही काय लिहिण्यासारखी गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. बटाटे उकडायचे, दही कालवायचं, वरून फोडणी द्यायची. शाळकरी मुलगीसुद्धा करील. चार माणसांच्या घरात ते खरंही आहे. पण वीस-पंचवीस माणसं, उघडं शेत, डोक्यावर ऊन आणि स्वयंपाक झाल्यापासून पानं वाढेपर्यंत दोन-तीन तासांचं अंतर, अशा वेळी हीच साधी कोशिंबीर बाईची परीक्षा पाहते. कधी पाणी सुटतं, कधी लगदा होतो, कधी आंबते. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहावंच.

आमची पिपरी मेघे नावाला गाव. वर्धा शहर तिला केव्हाच येऊन चिकटलं आहे, आणि आजूबाजूच्या एकेका शेताचे लेआउट पडताहेत. आमचं वडिलोपार्जित शेत मात्र थोडं लांब, त्यामुळे अजून शेतच आहे. कापूस वेचून झाला, तूर निघाली, की एका रविवारी सगळं घर तिथं जमतं आणि धुऱ्यावरच्या आंब्याखाली रोडगे होतात. विदर्भातल्या मैत्रिणींना रोडगे समजावून सांगायला नकोत. इतरांसाठी थोडक्यात सांगते: गव्हाच्या जाडसर पिठात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं, पोळीच्या घड्या घालून त्यांचा गोळा वळायचा, आणि गोवऱ्यांचा आर पडला की त्या निखाऱ्यांत नि राखेत खरपूस भाजायचा. फडक्यानं राख झटकायची, गोळा फोडायचा, त्यावर तूप सोडायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. ही वस्तू फार जुनी. संत एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तो रोडग्याचाच.

आता या पानात काय कमी आहे ते पाहा. रोडगा कोरडा आणि गरम, तूप जड, भाजी तिखट. जिभेला थंड, आंबट आणि मऊ असं काहीतरी हवंच. ती जागा कोशिंबीर भरून काढते. काकडी-टोमॅटोची चालते, पण तिला तासाभरात पाणी सुटतं. बटाटा दही धरून ठेवतो, आणि पोटालाही आधार देतो.

ही युक्ती आपल्यालाच सुचली असं नाही. अमेरिकेत उन्हाळ्यात घरामागच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजतात, त्याला बार्बेक्यू म्हणतात. 4 जुलैच्या त्यांच्या स्वातंत्र्यदिनी तर घरोघरी हाच बेत. तिथेही भाजलेल्याच्या शेजारी थंडगार पोटॅटो सॅलडचा मोठा वाडगा असतोच. ती मंडळी दह्याऐवजी अंड्याचं मेयोनेज घालतात, आणि त्यात मोहरीची पेस्ट. दक्षिण जर्मनीत व्हिनेगर, तेल आणि गरम सूप ओतून कोमटच खातात. मॉस्कोत 1860 च्या दशकात ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्यानं केलेलं सॅलड पुढे जगभर ‘रशियन सॅलड’ म्हणून गेलं. आज त्यात बटाटाच मुख्य असतो. आणि बटाटा तरी आपला कुठं? तो दक्षिण अमेरिकेतून आला, त्याचं मराठी नाव पोर्तुगीजांकडून आलं. आम्ही वऱ्हाडी-नागपुरी माणसं त्याला आलू म्हणतो, कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि दोन्ही आपल्याच मातीतलं समजतो.

आता कृतीकडे वळू. वीस माणसांना अडीच किलो बटाटे पुरतात. निवडताना सारख्या आकाराचे घ्या, म्हणजे एकदम शिजतील. जुना, पिठूळ बटाटा वड्याला चांगला, पण कोशिंबिरीत त्याच्या फोडी मोडतात. थंडीत येणारा पातळ सालीचा नवा बटाटा आकार धरून राहतो. रोडग्याचा हंगाम आणि नव्या बटाट्याचा हंगाम एकच, हे आपलं नशीब. हिरवी झाक असलेला किंवा बरेच कोंब फुटलेला बटाटा घेऊ नका. त्यातलं विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. आणि बटाटे फ्रिजमध्ये साठवू नका. थंडीनं त्यातल्या पिठाची साखर होते आणि चव गोडसर लागते.

बटाटे सालासकट, थंड पाण्यात घालूनच चुलीवर चढवा. उकळत्या पाण्यात टाकले तर वरचा भाग फुटेपर्यंत आत कच्चंच राहतं. कुकरपेक्षा उघड्या गंजात उकडणं बरं, सुरी खुपसून पाहता येते. पाण्यात मूठभर मीठ घाला, पण चिंच किंवा लिंबू मुळीच नको. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा, आणि त्या गरम असतानाच त्यांना मीठ नि थोडा लिंबाचा रस चोळा. गरम फोड मीठ आत ओढून घेते, थंड फोडीला ते नुसतं वरून लागतं. मग परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम फोडींवर दही घातलं तर ते फाटतं.

दही दीड किलो. म्हशीचं घट्ट असेल तर उत्तमच. वर्धा गाईच्या दुधासाठी आणि गोरसपाकासाठी प्रसिद्ध, पण गाईचं दही पातळ, तेव्हा ते फडक्यात दोन तास टांगून ठेवा. निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा. दह्यात मिरच्या वाटून, चमचाभर साखर, वाटीभर दाण्याचा कूट आणि जुडीभर चिरलेली कोथिंबीर. मीठ जपून, कारण फोडींत ते आहेच.

आणि या कोशिंबिरीचा प्राण म्हणजे फेसलेली मोहरी. दोन चमचे मोहरी कुटून, थंड पाण्याचे थेंब टाकत खलात फेसायची. नाकात झणका आला की झाली. गरम पाणी वापरलंत तर झणका उठतच नाही, म्हणून घाईत कोमट पाण्याचा मोह टाळा. पांढरी पडेपर्यंत, हात भरून येईपर्यंत फेसावी लागते. शेवटी हिंग-जिऱ्याची फोडणी गार करून घालायची. उपासाच्या माणसांसाठी थोड्या फोडी वेगळ्या काढून त्यांना मोहरी-हिंगाऐवजी नुसती तूप-जिऱ्याची फोडणी द्या.

आमच्या घरी ही मोहरी फेसण्याचा मान नणंदबाईंचा. त्या लग्न होऊन गेल्या तरी रोडग्याला दरवर्षी येत, आपला लहानसा दगडी खल पिशवीत घालून. आम्ही दोघी जावा बाकी सगळं करत असू, पण खलाला हात लावत नसू.

मामंजी गेले आणि शेताच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली. सासूबाई, भासरे, आमचे हे, आणि नणंदबाई. त्यानंतर घराघरांत होतं तेच आमच्याकडे झालं. बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यावं, असं दोघा भावांनी गृहीत धरलं. कागद तयार झाला. नणंदबाई एवढंच म्हणाल्या, “मी सही करत नाही. मला माझा वाटा पाहिजे.” त्यांच्या यजमानांचं आजारपण सुरू आहे, मुलीचं शिक्षण आहे. पण ही कारणं त्यांनी सांगितली नाहीत, आणि सांगायची गरजही नव्हती. 1956 च्या कायद्यानंच मुलगी वडिलांच्या मिळकतीची वारस ठरली होती. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, कायदा नाही. पण एवढं वाचून समजण्याइतकी बी. ए. नक्कीच झाले आहे.

खरं सांगते, मनात दोन बायका भांडत होत्या. एक त्या घराची सून. तिला दिसत होतं की शेताचे तीन वाटे झाले तर आमच्या वाट्याला विहिरीपासून लांबचा तुकडा येणार. दुसरी कुणाची तरी लेक. माझ्या माहेरी ही वेळ अजून आलेली नाही. आली की मी सही करीन की नाही, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमच्यापैकी कितीजणी सांगू शकतील?

तेवढ्यात रोडग्याचा रविवार ठरला. याद्या झाल्या, गोवऱ्या सांगितल्या, आणि नणंदबाईंना निरोप द्यायचा विषय कुणीच काढला नाही. भासरे म्हणाले, “या वर्षी आपणच करू.” आपण म्हणजे कोण, ते सगळ्यांना समजलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सासूबाई तोवर तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मंग मोहरी कोन फेसन? माह्या हातानं आता होत नाई. तिले बोलवा, नाई तं रोडगे राहू द्या.”

मुलांनी काही उत्तर दिलं नाही. जाऊबाईंनी फोन लावला. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, म्हणजे निरोप दोघींचा झाला.

नणंदबाई आल्या. खल घेऊन आल्या. आंब्याखाली बसून त्यांनी मोहरी फेसली, दोन्ही भाऊ आरापाशी बसून रोडगे फिरवत राहिले. मध्ये दहा पावलांचं अंतर आणि धूर. बोलणं झालं ते एवढंच: “धूर इकडे येऊन राह्यला”, “मीठ कुठं ठेवलं?” पानं मांडली तेव्हा वाढायला सासूबाईंनी मुद्दाम नणंदबाईंना उभं केलं. पहिल्या वेळी भासऱ्यांनी पानाकडेच पाहिलं. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी स्वतःहून वाटी पुढे केली आणि म्हणाले, “वाढ. झणका बरा आहे.”

यावरून सगळं मिटलं असं कृपा करून समजू नका. कोशिंबिरीनं वाटण्या होत नसतात. मोजणीचा अर्ज अजून व्हायचा आहे, विहिरीच्या पाण्याचं बोलणं व्हायचं आहे, आणि एकदोनदा आवाजही चढले आहेत. पण नणंदबाईंचा वाटा द्यायचा की नाही, हा विषय आता निघत नाही. कसा द्यायचा, हा निघतो. आणि बोलणं होतं ते त्यांच्या समोर, पाठीमागे नाही. आमच्यासारख्या घरात एवढंही पुष्कळ असतं. मला वाटतं, आपण बायका घराच्या मोठ्या निर्णयांत तोंड उघडू शकत नाही असं नेहमी म्हणतो, पण कुणाला बोलवायचं आणि पंगतीत कोण वाढणार, हे ठरवणं आपल्याच हातात असतं. ते हातातलं तरी सोडू नये.

आता शेवटच्या दोन-चार सूचना, त्या मात्र ध्यानात ठेवाच. दही घातलेली कोशिंबीर उन्हात ठेवू नका. फोडी एका डब्यात, दही दुसऱ्यात, फोडणी तिसऱ्यात असं न्या, आणि पानं घेण्याआधी दहा मिनिटं कालवा. दह्याचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, बर्फ मिळाला तर फारच छान. कालवलेली कोशिंबीर दोन तासांच्या वर बाहेर राहिली तर उरलेली खाऊ नका. ऊन कडक असेल तर तासाभरातच संपवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा शेतावर ही करूच नये, ताक न्यावं. अंड्याचं मेयोनेज घालून करायची हौस असेल तर घरात, फ्रिजजवळ करा, शेतावर नको. लहान मुलांसाठी पाच-सहा बटाटे सालासकट राखेत पुरून भाजा. मीठ-तिखट लावून दिले की जेवण होईपर्यंत ती आराच्या जवळ भटकत नाहीत.

आणि एक. फोडींचा एक लहान डबा दही न घालता बाजूला ठेवत जा. पंगतीला उशिरा येणारं घरात कुणीतरी असतंच.