लेफ्ट बॅक, देवपूर

१ ऑगस्ट २०२५ला खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संध्याकाळी धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या मैदानावर घोट्यापर्यंत चिखल होता आणि माझ्यासमोर नऊच पोरं. एकाने मोबाईल पुढे केला. "सर, ह्या बी मुंबईले खेयेल शेतस ना? तुम्ही यासले वळखतस का?"

ओळखत नाही. बघितलंय मात्र. एअर इंडियाकडून ते मधल्या फळीत खेळत, तेव्हा कूपरेजच्या स्टँडमध्ये भेळ खात मी मॅच पाहायचो. आपणही वर्षभरात तिथे उतरू असं वाटायचं. वय तसं होतं.

बारावीनंतर मी एसटीने मुंबई गाठली. पांझरेचा पूल ओलांडताना वडील बाजूला बसले होते, स्टँडपर्यंत सोडायला. एवढंच म्हणाले, "फुटबॉल खेयीसन पोट भरस का?" मला राग आला. त्यांचं खरं होतं, हे कळायला बारा वर्षं गेली.

मुंबईचा फुटबॉल तेव्हा नोकरीचा फुटबॉल होता. रेल्वे, बँका, पोलीस, एअर इंडिया. चांगला खेळलास तर चिकटशील, अशी आशा. मी एका कंपनीकडून तीन सीझन मानधनावर लेफ्ट बॅक खेळलो. नोकरीचा कागद काही आला नाही. मग पुणे. मग कोल्हापूर.

कोल्हापूरबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. धुळ्यातही तालमी आहेत, पण तालमीचा फुटबॉल संघ असतो हे मला तिथे कळलं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावं पेठेतली पोरं घरच्या आडनावासारखी घेतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून येतो. मी बाहेरून आणलेला खेळाडू, म्हणजे पाहुणा. जिंकलो की खांद्यावर, हरलो की कोण कुठला. एकदा माझ्या बाजूने गोल झाला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने कप माझ्यापुढे आपटला, वर पैसेही घेतले नाहीत. दहा हजार लोकांच्या शिव्यांपेक्षा तो कप मला जास्त लागला. इतकं मनावर घेणारं गाव मी पुन्हा पाहिलं नाही.

शेवटी गोवा. गावोगावच्या स्पर्धा, मॅचमागे पैसे, लाल जांभ्याची कडक मैदानं. तिथे गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ज्यांनी बोलावलं होतं त्यांनी दवाखान्यापर्यंतचं रिक्षाभाडं दिलं. नंतर फोन उचलला नाही. एकोणतिसाव्या वर्षी एकवीरा देवीच्या यात्रेच्या गर्दीत मी बॅग घेऊन देवपूरला उतरलो. आईला वाटलं, यात्रेला आलाय.

प्रशिक्षकाच्या डी लायसन्सचा कोर्स केला आणि पोरं गोळा केली. पहिली दोन वर्षं मी वाईट प्रशिक्षक होतो. कोन नव्हते म्हणून चपला मांडायचो, ते ठीक. पण पोराचा पास चुकला की बॉल हिसकावून मीच मारून दाखवायचो. एका दिवशी वसतिगृहातला शिरपूरकडचा मुलगा कडेला जाऊन बसला. म्हणाला, "सर, तुम्हीच खेळा. आम्ही बघतो." तो चेष्टा करत नव्हता.

तिथून मी खालिद यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. लोक त्यांनी घडवलेल्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीचं सांगतात, आणि ते आहेच सांगण्यासारखं. आधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकललेला संघ; गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतलेला. मुंबईत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून ते आय-लीग जिंकले. अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या आपल्या धुळे जिल्ह्याच्या साधारण निम्मी! नंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट, जमशेदपूर.

पण मला मोठी वाटतात ती त्याआधीची मुंबई एफसीच्या प्रशिक्षकपदाची सात वर्षं, २००९ ते २०१६. विजेतेपद नाही, पैसा बेताचा, दरवर्षी एकच काम: लीगमध्ये टिकायचं. ते गेले आणि पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. खेळाडू असताना मी एवढा काळ एका गावात काढलाच नव्हता. बिनसलं की बॅग भरायची, ही माझी सवय. प्रशिक्षकाला ती परवडत नाही.

भारताचा खालिद यांच्या हाताखालचा पहिला सामना आम्ही मोबाईलवर पाहिला. ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. पोरांनी विचारलं, "सर, आता यांना काढतील?" मी शिट्टी वाजवली आणि दोन फेऱ्या मारायला लावल्या.

सध्या सोळा पोरं येतात, सकाळी सहाला. शिरपूरचा तो मुलगा आता सुट्टीत आला की लहानांना शिकवतो, आणि चुकलेल्या पोराच्या पायातून बॉल हिसकावून घेत नाही. लेफ्ट बॅक व्हायला मात्र कुणी तयार नाही. सगळ्यांना पुढेच खेळायचंय.